लडाखचे जुने नकाशे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लडाखच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांबद्दल प्रश्न विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना पुढच्या महिन्यात ट्रेकला निघायचं असतं आणि हातात नेमका कुठला कागद असावा हे हवं असतं. बाकीचे माझ्यासारखे, नकाशा जमिनीवर पसरून तासन्‌तास ओणवे बसणारे. उत्तरं दोघांसाठी एकत्रच लिहिली आहेत, त्यामुळे घाईत असाल तर शेवटचे तीन-चार प्रश्न आधी वाचा.

लडाख म्हणजे हिमालय. मग त्याला वाळवंट का म्हणायचं?

पावसाच्या हिशेबाने. लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवसात तेवढा पडून जातो. मोसमी ढग हिमालयाच्या मुख्य रांगेच्या दक्षिणेकडेच रिकामे होतात आणि पलीकडे उरतो नुसता खडक, वाळू आणि घसरड्या दगडांचे उतार. नदीकाठी किंवा पाट काढून आणलेल्या पाण्याच्या आसपास तेवढं हिरवं.

मोजणीदाराला याचा फायदाही होतो आणि तोटाही. झाडी नसल्याने डोंगराची प्रत्येक घडी उघडी दिसते. सह्याद्रीत कारवीच्या रानात शिरलं की समोरचा सुळकासुद्धा गायब होतो, तसं तिथे होत नाही. पण हवा इतकी कोरडी आणि स्वच्छ असते की अंतराचा अंदाज पार चुकतो. ‘हे काय समोरच’ म्हणून दाखवलेली खिंड दिवसभर चालूनही समोरच राहते.

मोजणी कधी सुरू झाली?

पद्धतशीर मोजणीआधी प्रवाशांची टिपणं होती. विल्यम मूरक्रॉफ्ट आणि जॉर्ज ट्रेबेक १८२० ते १८२२ या काळात लेहमध्ये राहिले. १८४७-४८ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम, हेन्री स्ट्रेची आणि थॉमस थॉमसन हे तिघं सीमा आयोगाच्या कामासाठी फिरले, आणि त्यांतला थॉमसन थेट काराकोरम खिंडीपर्यंत पोहोचला. हे काम मोलाचं होतं, पण ते वाटेचं होतं. चाललेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जेवढं दिसलं तेवढं कागदावर उतरलं.

पद्धतशीर मोजणी १८५५ मध्ये सुरू झाली. थॉमस जॉर्ज माँटगोमेरी या इंजिनिअर अधिकाऱ्याच्या हाताखाली ‘काश्मीर मालिका’, म्हणजे त्रिकोणाला त्रिकोण जोडत केलेली मोजणी, सुरू झाली आणि १८६४ पर्यंत काश्मीर, बाल्टिस्तान आणि लडाख तिने जोडून घेतले. ही मालिका भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची एक फांदी. त्या सर्वेक्षणाची पायाभरणी विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ केली होती. लँबटन उत्तरेकडे सरकता सरकता १८२३ मध्ये वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, आणि त्याची कबर तिथेच आहे. काराकोरमच्या उंचीला पोहोचलेली त्रिकोणांची साखळी विदर्भातून गेली आहे, हे नागपूरला जाता-येता मला नेहमी आठवतं.

शिखरावर न जाता त्याची जागा आणि उंची कशी काढत?

एक रेषा जमिनीवर अगदी काटेकोर मोजायची, ती पायारेषा. तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या एका ठिकाणाचे कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन हाती आले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. मग त्या निघालेल्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. शाळेतलं भूमिती-त्रिकोणमितीचं पुस्तक, फक्त फळ्याऐवजी साडेचार-पाच हजार मीटर उंचीवर आणि बोटं गोठलेली. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, शिखराकडे रोखून उभा कोन घेतला की उंचीही मिळते.

१८५६ मध्ये माँटगोमेरी काश्मीरमधल्या हरमुख पर्वतावरच्या मोजणीच्या ठाण्यावर होता. तिथून सुमारे २१० किलोमीटरवर काराकोरममधली दोन ठळक शिखरं दिसली. त्याने वहीत त्यांची रेखाटनं केली आणि काराकोरमचा ‘के’ घेऊन क्रमांक टाकले : के-१, के-२. पुढे के-३, के-४ अशी यादी वाढत गेली. के-१ चं स्थानिक नाव माशेरब्रूम सापडलं, म्हणून ते नकाशावर आलं. के-२ ला सर्वांना ठाऊक असलेलं नाव मिळालं नाही, आणि ८,६११ मीटर उंचीचं जगातलं दुसरं शिखर आजवर वहीतल्या त्या तात्पुरत्या खुणेवरच भागवतंय.

‘खलाशी’ हा शब्द जुन्या अहवालांत सारखा येतो. डोंगरात खलाशी कुठून आले?

इथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते. सर्वेक्षण खात्यातला खलाशी बोटीवरचा नव्हे. रेल्वेत जसा खलाशी असतो, तसा हा खात्याचा हरकाम्या : सामान वाहणारा, तंबू ठोकणारा, साखळी धरणारा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शिखरावर जाऊन खूण उभी करणारा.

कोन घ्यायचा तर समोरच्या टोकावर काहीतरी नेमकं दिसायला हवं. म्हणून खलाशी दगडांची रास रचत, तिच्यात खांब रोवत, किंवा हेलिओट्रोप नावाचा आरसा घेऊन बसत. हा आरसा सूर्याची तिरीप दूरच्या ठाण्याकडे वळवतो आणि पन्नास-साठ किलोमीटरवरूनही ती एखाद्या चांदणीसारखी लकाकते. साहेबाच्या ठाण्यावर ढग आले तर साहेब तंबूत बसे. आरसेवाला मात्र ढग हटेपर्यंत, कधी कधी दिवसेंदिवस, टोकावरच.

स्पितीतल्या शिल्ला शिखराची गोष्ट यातूनच आली. १८६० मध्ये एका खलाशाने त्यावर खांब नेला अशी नोंद आहे. शिखराची उंची तेव्हा २३,०५० फूट मानली जात होती, म्हणून माणूस चढून गेलेलं सर्वांत उंच ठिकाण हा मान कित्येक वर्षं शिल्लाकडे होता. पुढे फेरमोजणीत उंची ६,१३२ मीटर, म्हणजे सुमारे २०,१०० फूट निघाली आणि विक्रम मोडीत गेला. मला त्यातलं नवल वेगळंच वाटतं. उंची तीन हजार फुटांनी घटली, तरी दोरी नाही, खास बूट नाहीत, अंगावर लोकरीचे कपडे आणि खांद्यावर खांब, अशा अवस्थेत एक माणूस सहा हजार मीटरवर जाऊन आला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. उंचीचा आकडा मात्र पुन्हा पुन्हा तपासला गेला.

शिखरं मिळाली. मधल्या दऱ्या, वाटा, गावं कुणी भरली?

प्लेन टेबलवाल्यांनी. तिपाईवर एक सपाट फळी, तिच्यावर ताणून बसवलेला कागद, आणि नेम धरायला दृष्टीपट्टी, म्हणजे अ‍ॅलिडेड. कागदावर त्रिकोणमितीने निश्चित केलेली शिखरं आधीच टिंबांनी मांडलेली असत. मोजणीदार डोंगराच्या एखाद्या खांद्यावर चढायचा, ओळखीच्या तीन शिखरांवर नेम धरून उलट रेषा ओढायचा आणि त्या जिथे एकत्र येतील ती आपली जागा ठरवायचा. मग दिसणाऱ्या प्रत्येक खिंडीकडे, मठाकडे, नदीच्या वळणाकडे एकेक रेषा. दुसऱ्या खांद्यावरून त्याच गोष्टींकडे पुन्हा रेषा. जिथे दोन रेषा छेदतील तिथे ती वस्तू. उरलेला आकार समोर पाहून हाताने काढायचा.

या कामातला सर्वांत गाजलेला माणूस हेन्री गॉडविन-ऑस्टेन. १८६१ मध्ये त्याने बाल्टोरो हिमनदीचा परिसर मोजला, नंतर चांगचेन्मो आणि झांस्करकडे वळला आणि १८६३ मध्ये पँगाँग सरोवराच्या भागात होता. पँगाँगच्या काठावर आता आपण तीन रंगीत खुर्च्यांत बसून फोटो काढतो, तिथे हा माणूस फळीवर कागद सरळ करत वाऱ्याशी झगडत होता. के-२ ला त्याचं नाव द्यावं असं काहींचं म्हणणं होतं. ते अधिकृतपणे स्वीकारलं गेलं नाही, पण शिखराच्या पायथ्याच्या हिमनदीला त्याचं नाव आहे.

लडाखचा बराच भाग एका इंचाला चार मैल या प्रमाणावर उतरवला गेला. म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत साडेसहा किलोमीटर. तेवढ्या जागेत दरी ‘आहे’ एवढंच सांगता येतं, ती कशी आहे ते नाही.

जुना नकाशा वाचताना मी एक प्रश्न सतत विचारतो : हा काढणारा उभा कुठे होता? ठाण्यांवरून जे दिसत होतं ते आश्चर्य वाटावं इतकं अचूक आहे. दोन कड्यांच्या आड जे लपलं होतं ते अंदाजाने भरलेलं आहे. झांस्कर नदीची घळ हे त्याचं ठळक उदाहरण. वरच्या धारेवर उभं राहून तळ दिसत नाही आणि तळाशी उतरलं तर नेम धरायला एकही ओळखीचं शिखर दिसत नाही. अशा ठिकाणी जुन्या नकाशावर नदी एका गुळगुळीत वळणाने निघून जाते. एवढ्या खडबडीत मुलखात गुळगुळीत रेषा दिसली की समजायचं, इथे कुणी पोहोचलं नव्हतं.

जुन्या नकाशांत समोच्चरेषा का दिसत नाहीत?

समोच्चरेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्या दिसत नाहीत, कारण त्या काळी उतार दाखवायला उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढत किंवा छटा भरत. चढ तीव्र असेल तिथे रेघा दाट. चित्र म्हणून ते फार देखणं दिसतं, पण त्यावरून उंचीचा आकडा काढता येत नाही. रंगीत छपाईतल्या तपकिरी समोच्चरेषा भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळल्या. लडाखच्या बाबतीत आणखी एक सूचना : तुटक समोच्चरेषा दिसल्या तर त्या मोजलेल्या नाहीत, आकाराचा अंदाज देणाऱ्या आहेत. नकाशाने आपल्या अज्ञानाची दिलेली ती प्रामाणिक कबुली असते, पण ट्रेकर मंडळी तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

एकाच खिंडीच्या तीन पुस्तकांत तीन उंच्या कशा?

कारण उंची मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आणि प्रत्येकीची चूक वेगळी.

वाटसरू-मोजणीदार पाणी उकळून उंची काढत. वर जाऊ तसा पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो, ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश. लेहला पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळतं, म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. तापमापी वाचताना अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली की उंचीत ३० मीटरचा फरक, आणि त्या दिवशी हवेचा दाब बदलला असेल तर आणखी.

थिओडोलाइटने घेतलेल्या उंचीत चोर शिरतो तो प्रकाशाच्या वाकण्यातून. लांबून येणारा किरण वेगवेगळ्या घनतेच्या हवेतून येताना वाकतो आणि शिखर खऱ्यापेक्षा वर दिसतं. हे वाकणं दुपारी सर्वांत कमी असतं, म्हणून उभे कोन दुपारी घेण्याची शिस्त होती. १९०९ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक टॉम लाँगस्टाफ सियाचीनवर पोहोचला तेव्हा तेराम कांग्री शिखराची उंची त्याच्या कोनांवरून २७,६१० फूट निघाली. थोडा वेळ का होईना, जगातल्या सर्वोच्च शिखरांच्या रांगेत एक नवा दावेदार बसला. नंतर सर्वेक्षण खात्याने नीट त्रिकोण साधला आणि उंची सुमारे तीन हजार फुटांनी खाली आली.

तिसरी अडचण आणखी मजेशीर. यंत्र सरळ उभं आहे की नाही हे ओळंब्यावरून ठरतं, आणि हिमालयाजवळ ओळंबाच डोंगराकडे किंचित ओढला जातो. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना यांच्यातलं अक्षांशाचं अंतर ताऱ्यांवरून वेगळं आलं आणि त्रिकोणांवरून वेगळं. फरक ५.२३६ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. कलकत्त्याच्या जॉन प्रॅट या धर्मगुरूने १८५५ मध्ये हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला, तर ओढ प्रत्यक्षापेक्षा तिप्पट असायला हवी असं निघालं. म्हणजे डोंगराखाली काहीतरी हलकं असलं पाहिजे. पर्वतांना खोल, हलकी मुळं असतात या कल्पनेपर्यंत भूशास्त्र पोहोचलं ते या मोजणीतल्या चुकीचा पाठलाग करत.

हे सगळं शास्त्र झालं. लेहजवळच्या खार्दुंग ला या खिंडीतल्या पाटीचं स्पष्टीकरण मात्र यातल्या कशातच बसत नाही. पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं वर्षानुवर्षं सगळ्यांच्या फोटोत आहे आणि मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट. आठशे फुटांची ही भर प्रकाशाच्या वाकण्याने पडलेली नाही.

पंडित म्हणजे हेर होते का?

होते, पण त्यांचं मुख्य काम मोजणी. सरहद्दीपलीकडे गोऱ्या माणसाला उघडपणे जाता येत नव्हतं, तेव्हा माँटगोमेरीने स्थानिक माणसांना शिकवून पाठवण्याची कल्पना काढली. हेच ते ‘पंडित’. पहिला प्रयोग लेहवरूनच झाला. १८६३ मध्ये मोहम्मद-इ-हमीद काराकोरमपलीकडच्या यारकंदकडे गेला. परतीच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला, पण टिपणं हाती लागली आणि त्यांवरून यारकंदची जागा नक्की करता आली.

नैनसिंह रावत हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. कुमाऊंमधले शिक्षक. एक मैलात दोन हजार पावलं पडतील अशी चाल त्यांनी अंगी बाणवली होती. हातातल्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. १८७४ मध्ये ते लेहहून निघाले आणि ल्हासामार्गे पुढच्या वर्षी आसामात उतरले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. आपल्या टपाल खात्याचं तिकीट निघायला २००४ साल उजाडलं.

विल्यम जॉन्सन आणि अक्साई चीन?

थोडक्यात. जॉन्सन हा सर्वेक्षणातला पट्टीचा चढणारा. १८६५ मध्ये तो खोतानच्या शासकाच्या निमंत्रणावरून तिकडे गेला आणि त्या प्रवासावर आधारलेल्या नकाशात अक्साई चीन काश्मीरच्या हद्दीत दाखवलं गेलं. पुढे त्याने काश्मीरच्या महाराजांची चाकरी धरली आणि लडाखचा वझीर झाला. त्याच्या कामावर आक्षेप बरेच आहेत. ई-६१ नावाचं शिखर चढल्याचं त्याचं म्हणणं नंतरच्या अभ्यासकांना पटलं नाही. इतक्या मोठ्या, ओसाड आणि जवळजवळ सपाट पठारावरून तो घाईने गेला होता, आणि सपाट मुलखात नेम धरायला ठळक खुणाच कमी. शंभर वर्षांनी दोन देशांचे मुत्सद्दी त्या घाईच्या कागदावर वाद घालतील हे त्याच्या मनातही आलं नसेल.

काराकोरमचा आतला भाग कधी भरला?

बराच उशिरा. लाँगस्टाफनंतर १९११-१२ मध्ये फॅनी आणि विल्यम वर्कमन या दांपत्याने सियाचीनवर मोहीम नेली. तिथल्या बर्फावर ‘स्त्रियांना मताधिकार’ अशी ठळक अक्षरं असलेलं वर्तमानपत्र हातात धरून काढलेला फॅनीबाईंचा फोटो प्रसिद्ध आहे. १९२६ मध्ये केनेथ मेसनने शक्सगम खोऱ्यात फोटोंच्या जोड्यांवरून नकाशा काढण्याचं तंत्र वापरलं. दोन ठिकाणांहून घेतलेले फोटो यंत्रात एकत्र पाहिले की डोंगर उठून दिसतो आणि समोच्चरेषा थेट ओढता येते. त्याच्यासोबत, आणि फिसर दांपत्याच्या डच मोहिमांतही, अफराझ गुल खान हा मोजणीदार होता. मोहिमा ओळखल्या जातात साहेबांच्या नावाने, पण प्लेन टेबलवर वाकलेली पाठ बहुतेक वेळा अफराझ गुल, फजल इलाही, इनायत खान यांचीच. शेवटचे दोघे १९३९ मध्ये एरिक शिप्टनबरोबर होते.

शीटचा क्रमांक कसा वाचायचा?

भारत आणि आसपासचा मुलूख ४ अंश × ४ अंशांच्या चौकोनांत विभागलेला आहे. लडाखचा मोठा भाग ५२ मध्ये. त्याचे १६ भाग, ए ते पी. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६, आणि हे शेवटचे म्हणजे १:५०,००० प्रमाणाचे शीट. लेह ५२ एफ/१२ वर येतं. पुणेकरांच्या परिचयाचं शीट ४७ एफ/१४. ट्रेकर गप्पांमध्ये ‘सत्तेचाळीस एफ’ ऐकलं असेल, तोच हा क्रम. अक्षरं आणि आकडे वरून खाली वाचायचे आणि मग उजवीकडच्या स्तंभात जायचं. डावीकडून उजवीकडे वाचलं की चुकीचं शीट हातात येतं.

जीपीएसवरची जागा जुन्या नकाशावर जुळत नाही. बिघाड कुणाचा?

कुणाचाच नाही. जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टने मांडलेल्या पृथ्वीच्या लंबगोल आकारावर आधारलेले आहेत आणि त्यांचा उगमबिंदू कल्याणपूर. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही जागतिक आधारप्रणाली वापरतो. पृथ्वीचा आकार आणि केंद्र दोन्हीकडे वेगळं धरलेलं. लडाखमध्ये यामुळे साधारण शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो, आणि तो मुख्यतः पूर्व-पश्चिम. उघड्या पठारावर हे चालून जाईल. धारेवर धुकं असताना नाही. उपकरणात ‘इंडियन’ आधारप्रणाली निवडता येत असेल तर ती निवडा.

नकाशे मिळतात कुठे?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर खुल्या मालिकेतले नकाशे आहेत, पण सीमेलगतच्या शीटांवर निर्बंध असल्याने लडाखच्या बाबतीत फार आशा धरू नका. २०२१ च्या धोरणाने बरंच काही सैल झालं, तरी सीमाभाग हा वेगळा विषय राहतो. ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं वापरत आली ती अमेरिकी लष्कराची १:२,५०,००० ची यू-५०२ मालिका. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती जालावर मोफत ठेवली आहे. छापील हवा असेल तर ओलिझान या स्विस प्रकाशकाचे १:१,५०,००० चे नकाशे चांगले.

एक सावधगिरी. परदेशी नकाशांवरची सीमारेषा भारताच्या अधिकृत रेषेशी जुळत नाही. असा नकाशा आपल्या ब्लॉगवर किंवा पुस्तिकेत जसाच्या तसा छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जुन्या नकाशावर विसंबून चाललं तर चालेल का?

डोंगरधारा, खिंडी, मठ आणि मोठी वळणं यांसाठी चालेल. तो खडक दीडशे वर्षांत हललेला नाही. हिमनद्यांची टोकं मात्र मागे सरकली आहेत, त्यामुळे नकाशावर बर्फ दाखवलेल्या जागी सुटे दगड आणि मातकट डबकी मिळतील. पूल, पायवाटा आणि झरे गावात विचारूनच नक्की करा. काही वाटांचा तर रस्ता झाला आहे, निम्मू–पदुम–दारचा हे त्यातलं मोठं उदाहरण.

आणि नदी ओलांडायची जागा नकाशावरून कधीच ठरवू नका. पात्र दर उन्हाळ्यात फाटे बदलतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वरचं बर्फ वितळून दुपारी कमरेला लागतं. निळ्या रेषेची जाडी दोन्ही वेळेला तेवढीच असते.